हौस आणि हवस

पोळा जवळ आला की उमरखेडच्या बाजारात झुली, घुंगरमाळा, बाशिंगांपुढे शेतकरी रेंगाळतो. भाव ऐकून कुरकुरतो आणि ‘हौसेला मोल नाही’ म्हणत घेऊनही जातो.

ही हौस मूळची अरबी ‘हवस’; अर्थ वेड, अनावर ओढ. फारसीमार्गे मराठीत आली आणि निवळली. हौसमौज, हौसे-नवसे-गवसे, हौशी नाटक अशा सोज्वळ संसारात रमली. हिंदीत मात्र तीच ‘हवस’ वासना म्हणून बदनाम झाली. उमरखेडजवळच्या पैनगंगेपलीकडे 1948 पर्यंत निजामाचे राज्य, उर्दूचा शेजार जुना. त्यामुळे या भागाला दोन्ही बहिणी परक्या नाहीत.

इंग्रजीतल्या ‘लस्ट’चेही असेच. एकेकाळी तिचा अर्थ साधा आनंद किंवा इच्छा. पुढे मुख्यतः कामवासनाच उरली. जर्मन ‘लुस्ट’ला हा डाग लागला नाही. तिथे फिरायला जायची ‘लुस्ट’ कुणीही चारचौघांत बोलून दाखवतो.

‘लाइक’ची गंमत त्याहून न्यारी. जुन्या इंग्रजीत वस्तू माणसाला ‘लाइक’ होई, म्हणजे रुचे. अगदी आपल्या ‘मला आंबा आवडतो’सारखी रचना! इंग्रजीत नंतर माणूस कर्ता झाला. मराठीत कर्तेपण अजून आंब्याकडेच आहे.