ओंडका करवतीवर चढतो कसा?

लाकूडकामाचा इतिहास वाचायला घेतला की करवतीबद्दल भरपूर सापडतं. दातांचा आकार, पाणचक्की, वाफेचं इंजिन, गोल करवत, पट्ट्याची करवत. पण एक साधा प्रश्न बहुतेक पुस्तकं ओलांडून पुढे जातात. जेसीबी नाही, क्रेन नाही, तर तो अजस्र ओंडका करवतीपर्यंत आणि करवतीवर पोचायचा कसा? आजचा लेख या मधल्या दहा-वीस फुटांबद्दल आहे. मी मूळची भौतिकशास्त्राची, त्यामुळे थोडं गणित होईल; पण शाळेतल्या गणितापेक्षा अवघड काही नाही.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. ३ मीटर लांब आणि अर्धा मीटर व्यासाचा ओंडका घ्या. म्हणजे छोट्या गिरणीतला अगदी साधा माल. त्याचं आकारमान साधारण ०.५९ घनमीटर. ताजं कापलेलं लाकूड पाण्याने भरलेलं असतं. घनमीटरला १,००० किलो धरले तर हा ओंडका ५९० किलोचा झाला. एक माणूस ३०-४० किलो नीट उचलेल असं मानलं तरी पंधरा-वीस माणसं लागतील. आणि तेवढी माणसं ३ मीटरच्या ओंडक्याभोवती उभीच राहू शकत नाहीत! म्हणजे 'सगळ्यांनी मिळून उचलू' हा मार्ग सुरुवातीलाच बंद.

मग लोकांनी काय केलं? पहिलं उत्तर मला सगळ्यात आवडतं: ओंडका उचलायचाच नाही. युरोपात शतकानुशतकं खड्डा खणून करवतकाम चाललं. ओंडका खड्ड्यावर आडवा सरकवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि मधे दोघांची लांब करवत. ओंडका वर नेण्याऐवजी माणसालाच खाली उतरवलं. वरचा माणूस रेघ सांभाळायचा, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खड्ड्याऐवजी ओंडक्याचं एकच टोक लाकडी घोडीवर टेकवून तो तिरका उभा करत. एक टोक जमिनीवरच राहिलं की हाताला साधारण अर्धंच वजन येतं.

पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांनी हीच युक्ती जागा निवडताना वापरली. गिरणी उताराच्या पायथ्याशी बांधायची, म्हणजे वरच्या अंगाला रचलेले ओंडके गडगडत करवतीच्या पातळीला येतात. किंवा गिरणीलगत तळं ठेवायचं. पाण्यात तरंगणारा ओंडका एक माणूस लांब काठीने हवा तिकडे वळवू शकतो.

पण इथे सागवान अडचण करतं. ताजा साग पाण्यात नीट तरंगत नाही. त्यावर ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, वापरलेला उपाय असा: झाड पाडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं जिवंत लाकूड गोलाकार कापून टाकायचं. पाणी वर जाणं बंद होतं, झाड उभ्या-उभ्या मरतं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळतं. वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो. आपला ५९० किलोचा ओंडका ३८० च्या आसपास आला. यंत्र नव्हतं तिथे वेळ वापरला. हत्ती असे ओंडके ओढ्यापर्यंत ओढत आणि पुढचं काम पावसाळ्याचा पूर करायचा.

आता समजा डोंगर नाही, तळं नाही, आणि ओंडका ६० सेंटिमीटर उंचीच्या करवतीच्या पाटावर चढवायचाच आहे. इथे दुसरं उत्तर येतं: उचलू नका, लोळवा. दोन मजबूत वासे तिरके टेकवा. प्रत्येकाची लांबी २.४ मीटर. म्हणजे चढ चारास एक. शाळेतली 'उतरण' आठवते ना? घर्षण बाजूला ठेवलं तर ५९० किलोचा ओंडका ओढायला आता १४७ किलोचा जोर पुरतो.

यापुढची करामत दोराची. दोराचं एक टोक वर, पाटाजवळच्या खांबाला बांधायचं. दोर खाली सोडून ओंडक्याखालून घ्यायचा, त्याच्यावरून परत वर आणायचा आणि वर उभं राहून ओढायचं. इंग्रजीत याला पारबकल म्हणतात. जहाजावर पिंपं चढवायला खलाशी हेच करत. ओंडका इथे स्वतःच कप्पी बनतो. दोराच्या दोन बाजू मिळून भार पेलतात, त्यामुळे लागणारा जोर पुन्हा निम्मा होतो: ७४ किलो. दोन टोकांना दोन दोर लावले तर प्रत्येक दोरावर ३७. म्हणजे दोन माणसं! अर्थात फुकट काही मिळत नाही. ओंडका २.४ मीटर चढेपर्यंत दोर ४.८ मीटर ओढावा लागतो. २०१३ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कलंडलेलं कोस्टा कॉन्कॉर्डिया हे अवाढव्य जहाज सरळ केलं, त्या कामालाही पारबकलिंगच म्हटलं गेलं.

प्रत्यक्षात एक खोड असते. ओंडका बुंध्याकडे जाड, शेंड्याकडे बारीक. एका फेरीत जाड टोक जास्त अंतर कापतं आणि ओंडका तिरका होतो. मग जाड टोकाला पाचर मारून थांबवायचं आणि बारीक टोकाला पुढे येऊ द्यायचं. वर पोचल्यावर ओंडका नेमका फिरवायला आकडा बसवलेला दांडा वापरत. अमेरिकेतल्या मेन राज्यात जोसेफ पीव्ही या लोहाराने १८५० च्या दशकात त्यात सुधारणा केली. सैल झुलणारा आकडा त्याने घट्ट पट्टीत बसवला आणि दांड्याला पुढे टोकदार खिळा दिला. ते अवजार आजही त्याच्याच नावाने विकलं जातं. मूळ तत्त्व तरफेचंच.

हे सगळं वाचताना 'वा, काय हुशारी!' असं वाटतं, आणि ते खरंही आहे. पण हिशोबाची दुसरी बाजूही बघू. चढणीच्या टोकाशी दोर तुटला किंवा हात सुटला तर काय होईल? ६० सेंटिमीटर उंचीवरून लोळत येणारा ओंडका पायथ्याशी सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने पोचतो. ताशी १० किलोमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण समोर ५९० किलो आहेत आणि खाली पाचर घेऊन कोणीतरी उभं आहे. उतरण आणि दोर जोर कमी करतात; वजन मात्र तेवढंच राहतं. धोका नाहीसा होत नाही, तो खालच्या माणसाकडे जातो.

हीच गोष्ट मोठ्या पटावरही दिसते. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातला साग हत्तींच्या आणि माणसांच्या बळावर बाहेर काढला. मोलमीनच्या गिरण्यांत हत्ती सोंडेने आणि सुळ्यांनी ओंडके करवतीपर्यंत ढकलत. कंपनीने किती ओंडके नेले आणि किती दाखवले, यावरून १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिला दंड केला. फ्रेंचांच्या वाढत्या वावरामुळे अस्वस्थ असलेल्या इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये युद्ध झालं, राजा थिबा कैद झाला आणि पुढची तीस वर्षं, १९१६ मध्ये मरेपर्यंत, रत्नागिरीत राहिला. थिबा पॅलेस पाहायला जाल तेव्हा लक्षात ठेवा, त्या वाड्यामागे ओंडक्यांच्या मोजणीचं एक भांडण आहे.

या मोजणीच्या वह्यांत ओंडके असतात, घनफूट असतात, रुपये असतात. दोर ओढणारे फारसे नसतात. ते लोकांच्या आठवणीत असतात, आणि आठवणी झपाट्याने संपत चालल्या आहेत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात किंवा गावात जुन्या लाकडाच्या वखारीत काम केलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला. दोर कसला असायचा, पाचरीला काय म्हणत, सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून कोण काय ओरडायचं, हे विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: ओंडका चढताना खालच्या बाजूला कोण उभं राहायचं?