दाट तारकाक्षेत्रांचे छायाचित्रण
आकाशगंगेचा पट्टा, त्यातील तारकामेघ आणि तारकागुच्छांचे गाभे यांसारख्या, तारे अतिशय दाटीने दिसणाऱ्या आकाशविभागांस दाट तारकाक्षेत्रे म्हणतात. त्यांच्या छायाचित्रणाच्या आरंभीच्या इतिहासात खाजगी घरांच्या आवारांतील दूरदर्शकांना व लहान भिंगांना फार महत्त्वाचे स्थान आहे. याचे कारण उपकरणांच्या रचनेत सापडते. मोठ्या दूरदर्शकाचे केंद्रांतर लांब असल्यामुळे त्याच्या काचेवर आकाशाचा लहानसा तुकडाच उमटतो. उलट आखूड केंद्रांतराच्या भिंगाने कित्येक अंश रुंदीचे क्षेत्र एकाच काचेवर घेता येते. दाट क्षेत्राची खरी आकृती अशा विस्तृत चित्रातच प्रत्ययास येते.

ओल्या कलोडियन काचा काही मिनिटांतच वाळून निकामी होत, त्यामुळे दीर्घ उद्भासन अशक्य होते. जिलेटिनाच्या कोरड्या काचा प्रचारात आल्यावर ही अडचण दूर झाली. इंग्लंडमध्ये अँड्रू कॉमन यांनी ईलिंग येथील आपल्या घराच्या बागेत ९१ सेंमी. व्यासाचा परावर्तक उभारून ३० जानेवारी १८८३ रोजी मृगातील अभ्रिकेचे ३७ मिनिटांचे उद्भासन घेतले. डोळ्यांना न दिसणारे तारेही त्या काचेवर उमटले होते. बांधकाम व्यवसायातील आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी प्रथम लिव्हरपूलजवळ व १८९० पासून ससेक्समध्ये ५० सेंमी. परावर्तकाने तारकागुच्छ व अभ्रिका यांचे छायाचित्रण केले आणि १८९३ व १८९९ मध्ये त्यांचे दोन संग्रह प्रसिद्ध केले.

हे काम कष्टाचे होते. दूरदर्शकाला पृथ्वीच्या परिवलनानुसार फिरविणारी घड्याळयंत्रणा पूर्णपणे निर्दोष नसे. त्यामुळे निरीक्षकाला मार्गदर्शक दूरदर्शकातील तारा तारांच्या छेदनबिंदूवर तासन्‌तास धरून ठेवावा लागे. विरळ क्षेत्रातील किंचित चूक खपून जाते; दाट क्षेत्रात मात्र शेजारच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात. शिवाय उद्भासन वाढवावे तसतशा तेजस्वी ताऱ्यांच्या प्रतिमा फुगत जातात आणि गोलाकार तारकागुच्छाचा गाभा एक पांढरा डाग होऊन बसतो. उद्भासन कमी केल्यास मंद तारे उमटतच नाहीत. या पेचातून त्या काळी पूर्ण सुटका नव्हती.

आकाशगंगेच्या चित्रणाला निर्णायक वळण एडवर्ड बार्नार्ड यांनी दिले. बालपणापासून छायाचित्रकाराच्या दुकानात काम केलेल्या या निरीक्षकाने १८८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत सु. १५ सेंमी. व्यासाचे, मुळात व्यक्तिचित्रांसाठी बनविलेले भिंग वापरले. ९१ सेंमी. व्यासाचा विख्यात वर्णविरहित दूरदर्शक शेजारी असताना आकाशगंगेची उत्कृष्ट चित्रे या जुन्या भिंगाने मिळावीत, हे लक्षणीय आहे. जर्मनीत माक्स व्होल्फ यांनी हायडल्‌बर्ग येथील आपल्या पित्याच्या घरी वेधशाळा उभारली होती. तेथे त्यांनी १८९० च्या सुमारास हंस तारकासमूहाची छायाचित्रे घेतली आणि तेथील एका अभ्रिकेला, तिच्या आकृतीवरून, उत्तर अमेरिका हे नाव दिले.

या चित्रांनी एक वादग्रस्त प्रश्न पुढे आणला. ताऱ्यांच्या गर्दीत काळ्या रेषा, कप्पे व खळगे स्पष्ट दिसू लागले. विल्यम हर्शेल यांनी अशा जागांना आकाशातील छिद्रे मानले होते आणि बार्नार्डही बराच काळ त्याच मताकडे झुकलेले होते. परंतु आरपार गेलेली इतकी भोके नेमकी पृथ्वीच्याच दिशेने रोखलेली असावीत, हे पटण्यासारखे नव्हते. अखेर बार्नार्ड यांनी १९१९ मध्ये १८२ कृष्ण वस्तूंची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी अनेक वस्तू मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडविणारे मेघ असल्याचे मत तोवर त्यांनी स्वीकारले होते. ताऱ्यांची दाट पार्श्वभूमी नसती, तर हे मेघ दिसलेच नसते [⟶ अभ्रिका]. व्होल्फ यांनी १९२३ मध्ये कृष्ण भागातील व लगतच्या मोकळ्या भागातील ताऱ्यांची प्रतवार मोजणी करून, ज्या प्रतीपासून संख्या घटू लागते तीवरून मेघाचे अंतर काढण्याची पद्धत मांडली.

संपूर्ण आकाशाचे काम एका हौशी निरीक्षकाने अंगावर घेतले. लंडनमधील विमा व्यवसायातील जॉन फ्रँक्‌लिन-ॲडम्स यांनी २५ सेंमी. भिंगाने दक्षिण आकाश आफ्रिकेतून व उत्तर आकाश सरे परगण्यातील आपल्या निवासस्थानाहून टिपले. प्रत्येक उद्भासन दोन तासांहून अधिक असे. त्यांच्या मृत्यूनंतर (१९१२) २०६ नकाशांचा संच प्रसिद्ध झाला. या काचांवरून सिडनी चॅपमन व फिलिबर्ट मेलोट यांनी १९१४ मध्ये १७ व्या प्रतीपर्यंतची तारकागणना सादर केली, तर मेलोट यांनी पुढच्याच वर्षी २४५ तारकागुच्छांची यादी दिली. जोहॅनिसबर्ग येथे गेलेल्या याच कॅमेऱ्याच्या काचा ताडून रॉबर्ट इनिस यांनी १९१५ मध्ये सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, शोधला.

मोजणी प्रामाणिक होती, निष्कर्ष मात्र फसले. अशा गणनांवरून याकोबुस काप्टाइन यांनी १९२२ मध्ये सूर्य जवळजवळ केंद्रस्थानी असलेली आकाशगंगा कल्पिली. अंतराताऱ्यीय धूळ सर्व बाजूंनी दृष्टी अडवीत असल्याने निरीक्षक स्वतःला मध्यभागी समजत होता. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये तारकागुच्छांच्या अभ्यासातून हे शोषण सिद्ध केले.

भारतात हैदराबाद येथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्थापिलेली खाजगी वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारकडे आली. आकाशाच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्र-नकाशासाठी तिने मूळ सांत्यागो वेधशाळेकडे असलेला −१७° ते −२३° क्रांतीचा पट्टा पूर्ण केला आणि पुढे ३६° ते ३९° उत्तर क्रांतीचा पट्टाही हाती घेतला.

काचांची जागा १९८० नंतर हळूहळू अंकीय संवेदकांनी घेतली. आता हौशी निरीक्षक थोड्या सेकंदांची शेकडो उद्भासने संगणकाने एकत्र जोडतो. त्यामुळे गाभा जळत नाही आणि मंद तारेही हाती लागतात. शहरी दिव्यांचा उजेड मात्र नवा शत्रू ठरला आहे. महाराष्ट्रातून मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजावर दिसणारा नरतुरंगातील ओमेगा गुच्छ अजूनही उपकरणांची कसोटी पाहतो. अवकाशातील गाइआ दूरदर्शकाच्या नेहमीच्या पद्धतीलाही त्याचा गाभा पेलला नाही. खास प्रतिमा घेऊन २०२३ मध्ये तेथील ५,२६,५८७ नवे तारे नोंदवावे लागले.