मोठ्या बोटीमागे होडी ओढायला काय काय लागतं?

बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्याकडे गेलात तर मोठ्या बोटीमागे दोराने बांधलेली रिकामी होडी कधी ना कधी दिसेलच. ओहोटीला खाडीचं पाणी इतकं उतरतं की मोठी बोट काठाला लागत नाही. शेवटचा टप्पा होडीनेच करावा लागतो.

रस्त्यावर बंद गाडीला आपण ‘टोचन’ लावतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे मागच्या होडीला ब्रेक नसतो आणि लाटा दोघांना वेगवेगळ्या वेळी उचलतात. दोर सैल पडतो, मग एकदम झटका बसतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे बफरचं काम वाटतं: झटका कुठेतरी जिरवायचा.

(मराठा आरमारात उलटं चालायचं. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं मोठ्या गुराबांना ओढायची.)

सामान

• दोर: नायलॉन ताणतो आणि झटका पोटात घेतो, पण पाण्यात बुडतो. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, पण कमी ताणतो आणि उन्हाने लवकर कमजोर होतो. म्हणून नायलॉन घेऊन त्याला मधे मधे फ्लोट बांधणं चांगलं. बुडालेला दोर पंख्यात गुंडाळला की दोन्ही बोटी अडकल्या.

• ब्रायडल: इंग्रजी ‘वाय’ आकाराचा दोर. दोन टोकं मोठ्या बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना, तिसरं होडीला. ओढ वाटली जाते, होडी कमी भरकटते.

• कडी: होडीच्या नाळेवर, पाण्याच्या जवळ. ओढताना नाळ वर उचलली गेली पाहिजे. आतून पट्टी लावून नट-बोल्टने आवळा. नुसते स्क्रू उपटून येतात.

• पाइपचा तुकडा: दोर काठावर घासतो तिथे चढवायला.

• धारदार सुरी: वेळ आली तर दोर कापायला, हाताशीच.

निघण्याआधी

होडीतलं इंजिन, वल्ही, जाळी काढून घ्या. तळाचं बूच घट्ट आहे का बघा. ओढताना होडीत कोणी बसायचं नाही.

चालू असताना

दोराची लांबी अशी ठेवा की होडी लाटेच्या मागच्या उतारावर राहील. पुढच्या उतारावर आली तर घसरून बोटीवर आदळते. वेग दुप्पट केलात तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, म्हणून हळू चला. रिव्हर्स घेण्याआधी दोर आत ओढा. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नका. नायलॉन तुटला की रबरासारखा उलटा येतो, माणूस जबर जखमी होऊ शकतो.

मोबाइलचं काम

निघण्याआधी इन्कॉइसचा लाटांचा अंदाज बघा. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सेव्ह करा. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर रेंज जाते, तिथे व्हीएचएफ रेडिओचं चॅनल १६ लागतं. दोराइतकाच तो रेडिओही सामानात धरा.