पुष्पक आणि सौभ

पेडणे महालातील जत्रांत उत्तररात्री दशावतारी काल्याला रंग चढतो, तेव्हा रंगस्थळी देखावे नसतात. एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, आणि असुर त्यावर चढला की तेच त्याचे विमान. तेरेखोलच्या पलीकडेही हीच रीत. डिचोली १७८१ मध्ये व पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले, पण काल्याने ती सीमा मानली नाही.

अमेरिकेतील ‘नाइट रायडर’ या दूरदर्शन-मालिकेत (१९८२–८६) नायकाची बोलकी मोटार किट आणि तिचे वैरी, कार्र नावाची जोडमोटार व गोलायथ हा अजस्र ट्रक, यांची झुंज दाखविली आहे. किटला माणसाचे प्राण राखण्याची शिकवण, कार्रला केवळ स्वतःचे. हे पाहताना आमच्या मनात आपल्या पुराणांतील खलवाहने उभी राहिली.

बळात अग्रमान शाल्वाच्या सौभाला द्यावा लागेल. भागवताप्रमाणे मयासुराने घडविलेली ती लोखंडी नगरीच. क्षणात दिसे, क्षणात लोपे. शिशुपालवधाचा सूड म्हणून शाल्वाने कृष्ण नसताना द्वारकेवर चाल केली. वनपर्वात कृष्ण स्वतः पांडवांना सांगतो, की या युद्धात गुंतल्यामुळेच द्यूताच्या वेळी मी येऊ शकलो नाही. सौभाचा खरा घाव म्हणूनच द्वारकेवर नव्हे, द्रौपदीवर बसला, असे आम्हांस वाटते. पुढे महाभारतात सुदर्शनाने त्याचे दोन तुकडे होतात, भागवतात गदेने चूर होऊन ते समुद्रात पडते. सौभाला मात्र स्वतःचे मन नाही. धनी जाईल तिकडे ते जाते. इंद्रजिताच्या मायावी रथाचीही तीच गत.

पुष्पकाचे तसे नव्हे. ते मूळचे कुबेराचे. रावणाने हिरावून घेतले. पण चोराच्या घरी राहूनही त्याने आपले शील सोडले नाही. कैलासापाशी ते अडून राहिले, रावणाला पुढे जाता येईना. युद्धकांडातील प्रसंग तर अधिक हृद्य आहे. नागपाशात निश्चेष्ट पडलेले राम-लक्ष्मण दाखवून सीतेचा धीर खचवावा, म्हणून रावणाने तिला पुष्पकातूनच रणभूमीवर धाडले. त्रिजटा तिला म्हणाली, ते दोघे गेले असते तर या विमानाने तुला वाहिलेच नसते. रावणाची आज्ञा पाळूनही रावणाचे असत्य ज्याने खोटे पाडले, असे दुसरे वाहन आम्हांस ठाऊक नाही.

रावणवधानंतर रामाने ते कुबेराकडे परत पाठविले. उत्तरकांडात ते पुन्हा येते आणि चक्क बोलते : कुबेराने मला तुझ्या सेवेस धाडले आहे. रामाने त्याला निरोप दिला, स्मरण करीन तेव्हा ये म्हणून सांगितले.

उत्तरकांड मागाहून जोडले गेले असे अनेक विद्वान मानतात. पण ते आमच्या घरोघरी वाचले गेले आहे, म्हणून पुढचा भाग टाळता येत नाही. रामाने पुष्पकाचे स्मरण केले ते शंबूकाच्या शोधासाठी. विमान तत्काळ आले, मी आपला किंकर आहे असे म्हणाले, आणि रामाला दक्षिणेकडे त्या तपस्व्यापर्यंत घेऊन गेले. कैलासापाशी अडलेले पुष्पक त्या दिवशी कोठेही अडले नाही.