पडद्यावरच्या पोरी

बचतीच्या वह्या आज जरा बाजूला ठेवू आणि सिनेमाबद्दल बोलू. परवाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "सैराट पाहिल्यापासून पोरीला कॉलेजात पाठवायची भीती वाटते." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाटलं, वयात येणाऱ्या मुलीची गोष्ट आपला मराठी सिनेमा कशी सांगत आला, ते एकदा नीट बघावं.

१९३७ साली प्रभात कंपनीचा 'कुंकू' आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. अनाथ नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात. शांता आपटे यांनी उभी केलेली ही नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. आठ वर्षांपूर्वीच, १९२९ मध्ये, शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं होतं. कायद्यानं वय पाहिलं, पण नीरा विचारत होती की माझ्या मर्जीचं काय?

पुढे कितीतरी वर्षांनी शाळकरी वयावर चांगले सिनेमे आले. २०१२ साली 'शाळा' लागला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा, आणीबाणीच्या काळातला. त्यातली शिरोडकर हुशार, गोड मुलगी. पण सगळी गोष्ट जोशी या मुलाची. तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फारसं कळतच नाही.

२०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. गावकुसाबाहेरच्या कैकाडी घरातला जब्या पहिल्यांदा गोष्टीच्या मधोमध आला. गावानं ज्यांच्याकडून डुकरं धरून घेतली, त्यांचं दुःख पडद्यावर दिसलं, ही मोठीच गोष्ट. तरी जब्याला आवडणारी शालू जवळजवळ बोलतच नाही. आपण तिला लांबूनच बघतो, जसा जब्या बघतो तसं.

मग २०१६ साली 'सैराट'. अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीनं आर्ची केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, आपल्याच बोलीत दरडावते. आवडलेल्या मुलाकडे ती स्वतः बघते. गावाकडच्या पोरींना पडद्यावर आपल्यासारखी पोरगी दिसली.

आता काकूंच्या भीतीकडे येते. आर्चीचा जीव कॉलेजनं घेतला का? नाही. जातीच्या इभ्रतीपायी तिच्याच घरच्या पुरुषांनी घेतला. आठवा, शेवटी भाऊ येतो तो आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. त्या आधी आर्चीनं आईला फोन केलेला असतो. आई रडते, पण त्या घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त ती आईच लागली. कारण ती जागा तुमची-माझी आहे.

म्हणून काकूंना मी सांगितलं, पोरीचं शिक्षण थांबवू नका. संध्याकाळी भाकरी करताना तिला जवळ बसवा, तिचं ऐका. लग्न १८ च्या आधी नाही, आणि नंतरही तिच्या मर्जीशिवाय नाही, हे घरात मोठ्यानं बोला. एकटीला जड जाईल. म्हणून तर आपण दहाजणी एकत्र बसतो.

पुढच्या बैठकीला पोरींनाही घेऊन या. त्यांना कोणता सिनेमा आवडला आणि का, ते आधी त्यांनाच बोलू देऊ.