आधी व्याकरण, मग यंत्र

क्वांटम संगणकाला भाषा शिकवायची म्हटले की वाटते, नवे यंत्र हाती आले म्हणून त्याला काम शोधत असतील. या विषयाचा इतिहास वाचताना मला मात्र उलटेच दिसले. इथे व्याकरण आधी आले, यंत्र मागाहून.

१९५८ साली माँट्रियलचे गणितज्ञ योआखिम लॅम्बेक यांनी वाक्यरचनेचे गणित मांडले आणि १९९९ साली त्याला नवे, सुटसुटीत रूप दिले. 'आजी गोष्ट सांगते' हे वाक्य घ्या. 'सांगते' हे क्रियापद एकटे अपुरे. त्याला सांगणारी हवी आणि सांगायचे काही हवे. दोन्ही जागा भरल्या की वाक्य पुरे होते. शाळेत घोकलेले कर्ता-कर्म-क्रियापदच हे, पण बीजगणितात!

पुढे २००४ साली ऑक्सफर्डला सॅमसन अब्राम्स्की आणि बॉब कूके यांनी क्वांटम भौतिकीची आकृत्यांतून मांडणी केली. २०१० साली कूके, मेहरनूश सद्रजादे आणि स्टीफन क्लार्क यांनी दाखवले, की वाक्यात शब्द जोडले जाण्याचे आणि क्वांटम कण एकमेकांत गुंतण्याचे गणित एकाच साच्यातले आहे.

मग लाभ कोणता? नामाचा आणि वाक्याचा अर्थ प्रत्येकी १०२४ आकड्यांत लिहिला, तर कर्ता, कर्म आणि वाक्य या तिघांना बांधणाऱ्या एका क्रियापदाला शंभर कोटींहून अधिक आकडे लागतात. क्वांटम संगणकात तेवढी जागा ३० क्यूबिटांत मिळते, कारण दर क्यूबिटागणिक ती दुप्पट होते. अर्थात, आकडे आत भरणे आणि उत्तर बाहेर काढणे, दोन्ही कठीणच.

केंब्रिज क्वांटमच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आयबीएमच्या यंत्रापुढे १३० इंग्रजी वाक्ये ठेवली होती. वाक्य स्वयंपाकाचे की संगणकाचे, एवढेच ओळखायचे. हे काम घरचा संगणकही करतो. म्हणजे लाभ अजून शक्यतेतच आहे.

तरीही मला यात आपल्या कामाचे काही दिसते. २०१७ नंतरची भाषायंत्रे व्याकरण बाजूला ठेवून अफाट मजकुरावर पोसली गेली. इंग्रजीला ते परवडले. मराठीचा मजकूर त्यापुढे थोडा, आणि कोंकणीचा तर त्याहून थोडा, तोही देवनागरी, रोमी अशा लिप्यांत विखुरलेला. व्याकरण हाताशी असेल तर थोड्या वाक्यांत यंत्र अधिक शिकेल काय? वेगापेक्षा हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर काहीही येवो, आपल्या बोलींची वाक्यरचना नीट नोंदवून ठेवायला क्वांटम संगणकाची वाट पाहण्याचे कारण नाही.