तळटीप २३ : काळी पूड

२३. काळी पूड : केसांचा कलप. पुसदच्या (यवतमाळ जिल्ह्यातले, पूस नदीकाठचे तालुक्याचे गाव) कटिंगच्या दुकानात पुडी फोडून पाण्यात कालवतात ती. तिचा रंग बहुधा पॅराफेनिलिनडायअमाईन, म्हणजे पीपीडी, या रसायनाचा असतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते सापडते. ते सुमारे १४० अंश सेल्सिअसला वितळते, एरवी घनरूप. वाफ फार थोडी. म्हणून श्वासावाटे होणाऱ्या विषारीपणाचा अंदाज पुडी फोडताना उडणाऱ्या धुळीवरून बांधतात : घनमीटर हवेत ती किती मिलिग्रॅम, कण किती बारीक, माणूस तिथे किती वेळ. अमेरिकेत कामगारांसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. गिऱ्हाईक अधूनमधून येते, कारागीर मात्र पुड्या रोज फोडतो. हिशेब त्याचाच आधी मांडायला हवा. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्यांना झालेली विषबाधा कीटकनाशकांची होती, तिच्याशी याची गल्लत करू नये. पुढच्या परिच्छेदातील रुग्णाने पूड गिळलेली आहे. तशा वेळी गळा सुजून श्वास कोंडतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. – संपा.